बातमीचा वर्ण : बेसबॉल, रॉबसन आणि अमेरिकी वृत्तपत्रे

(पक्षाच्या प्रचार-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भांडवली वृत्तपत्रे खोटे छापतात, हे सांगण्यासाठी अभ्यासवर्ग भरविण्याचे कारण नाही. कारखान्याच्या फाटकाशी संपाच्या दिवसांत उभा राहिलेला कोणताही कामगार ते जाणतो. अवघड आहे ते याच्या पुढचे : एकही वाक्य खोटे न छापता अख्खा जनसमूह पानावरून नाहीसा कसा करता येतो, आणि पुढे त्याला पानावर घेणे भागच पडले म्हणजे कोणत्या वेषात घेतले जाते. या दृष्टीने अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेचा आणि तेथील वृत्तपत्रांचा इतिहास फार बोलका आहे. त्यातील एकच प्रकरण आज सविस्तर पाहावयाचे आहे. ते खेळाच्या पानावरचे आहे, म्हणून कोणी त्याला हलके समजू नये. कामगार वृत्तपत्र उघडतो तेव्हा पुष्कळदा पहिल्याने खेळाचेच पान उघडतो.

१५ एप्रिल १९४७ रोजी न्यू यॉर्कमधील एबेट्स फील्ड या मैदानावर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघातर्फे खेळावयास उतरला. भारतात क्रिकेटला जे स्थान आहे ते अमेरिकेत त्या काळी बेसबॉलला होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या खेळाच्या प्रमुख स्पर्धांत एकाही कृष्णवर्णीयाला स्थान नव्हते. ती बंदी त्या दिवशी मोडली. आजही दर वर्षी १५ एप्रिलला सर्व संघांचे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक अंगावर घालतात, समारंभ होतात, पुरवण्या निघतात. त्या पुरवण्यांत जी कथा छापली जाते ती थोडक्यात अशी : ब्रँच रिकी नावाचा एक धार्मिक वृत्तीचा, उदार मनाचा संघचालक होता, त्याच्या विवेकबुद्धीला वर्णभेद सहन झाला नाही, त्याने एक सहनशील, अपमान गिळणारा कृष्णवर्णीय खेळाडू शोधून काढला आणि त्याला संधी दिली.

या कथेतील प्रत्येक तपशिलाला आधार सापडेल. रिकीने रॉबिन्सनशी ऑक्टोबर १९४५ मध्ये करार केला, हे खरे. टोमणे व शिव्या यांना उत्तर द्यावयाचे नाही, अशी अट त्याने घातली, हेही खरे. कथेत नाही ती त्यापूर्वीची सुमारे दहा वर्षे.

बेसबॉलमधील वर्णबंदीची गंमत अशी की, तसा लेखी नियम कोठेच नव्हता. तो संघमालकांमधील अलिखित करार होता, आणि अलिखित करार टिकावयाचा तर त्याविषयी कोणी लिहिता कामा नये. हे काम मोठ्या दैनिकांच्या क्रीडा-वार्ताहरांनी चोख बजावले. याचे कारण केवळ त्यांच्या मनातील वर्णविद्वेष, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्या काळी संघाबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या वार्ताहरांचा रेल्वेभाड्याचा व हॉटेलचा खर्च अनेकदा संघमालकच देत असत. ज्याच्या पंगतीला जेवावयाचे त्याच्या स्वयंपाकघराविषयी लिहावयाचे नाही, हा संकेत त्यातून आपोआप उपजतो; त्यासाठी मालकाला एकही हुकूम सोडावा लागत नाही. सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांसारखे खेळाडू निग्रो लीग या स्वतंत्र स्पर्धांत हजारो प्रेक्षकांसमोर खेळत होते, आणि मोठ्या दैनिकांच्या वाचकाला त्यांची नावे क्वचितच वाचावयास मिळत होती.

ही शांतता मोडली ती दोन प्रकारच्या वृत्तपत्रांनी. पहिली कृष्णवर्णीयांची स्वतःची साप्ताहिके. पिट्सबर्ग कूरियरचा वेंडेल स्मिथ आणि बाल्टिमोरच्या आफ्रो-अमेरिकनचा सॅम लेसी हे या लढ्यातील खरे अग्रणी होत. गोरे खेळाडू कृष्णवर्णीयांबरोबर खेळावयास तयार होणार नाहीत, ही मालकांची नेहमीची सबब होती. स्मिथने १९३९ मध्ये नॅशनल लीगमधील गोऱ्या खेळाडूंना व संघ-व्यवस्थापकांना प्रत्यक्ष गाठून हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुसंख्यांनी आपली हरकत नसल्याचे सांगितले. मुलाखतीच्या साध्या तंत्राने मालकांची सबब उघडी पडली. ज्या वार्ताहराने हे केले त्याला मात्र पत्रकार कक्षात प्रवेश नव्हता. रॉबिन्सनच्या पहिल्या मोसमातही स्मिथला प्रेक्षकांत बसून, टाइपरायटर मांडीवर घेऊन वृत्तान्त लिहावा लागे. बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेने पहिला कृष्णवर्णीय सदस्य, सॅम लेसी, १९४८ मध्ये घेतला. म्हणजे मैदानावरील बंदी उठल्यानंतर. खेळाडूच्या आधी वार्ताहराला प्रवेश मिळाला असता तर इतिहास किती वेगाने पुढे सरकला असता, याचा विचार करण्यासारखा आहे.

दुसरे वृत्तपत्र म्हणजे अमेरिकी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र, डेली वर्कर. १९३६ मध्ये त्याने नियमित क्रीडापान सुरू केले आणि लेस्टर रॉडनी या गोऱ्या तरुणाकडे ते सोपविले. कामगाराच्या वर्गीय जाणिवेला खेळाचे पान म्हणजे गुंगीचे औषध, असे मानणारे साथी त्या पक्षातही होतेच. रॉडनीने त्याच पानावरून त्याच वर्षी वर्णबंदीविरुद्ध मोहीम उघडली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ नेटाने चालविली. त्याची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठमोठे ठराव व निषेध यांवर त्याने भर दिला नाही. १९३७ मध्ये जो डिमॅजिओ या त्या काळच्या सर्वांत लाडक्या गोऱ्या खेळाडूला त्याने विचारले की, आजवर सामना केलेला सर्वोत्तम गोलंदाज कोणता, आणि डिमॅजिओने सॅचेल पेजचे नाव घेतले. जे नाव मोठी दैनिके छापत नव्हती ते डिमॅजिओच्या तोंडून छापून आले. पक्षाच्या तरुणांनी मैदानांबाहेर सह्या गोळा केल्या, मे दिनाच्या मिरवणुकांत बेसबॉलमधील वर्णबंदी उठवा अशा घोषणांचे फलक नाचविले, कामगार संघटनांनी ठराव केले.

१९४२ च्या उन्हाळ्यात डॉजर्सचा व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर याचे विधान डेली वर्करने ठळकपणे मांडले : परवानगी असेल तर आपण कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ. त्यामुळे बेसबॉलचे सर्वाधिकारी न्यायाधीश लँडिस यांना जुलैमध्ये जाहीर करावे लागले की, बंदी घालणारा कोणताही नियम नाही. ज्या कराराचे अस्तित्वच मान्य करावयाचे नव्हते तो नाकारण्यासाठी तरी त्याचे नाव घ्यावे लागले. पुढच्याच महिन्यात स्पोर्टिंग न्यूज या बेसबॉलच्या वजनदार साप्ताहिकाने अग्रलेख लिहून वर्णाचा प्रश्न उकरून काढण्यात कोणाचेच भले नाही असा उपदेश केला आणि सारा दोष चिथावणीखोरांच्या माथी मारला. संपाच्या काळात बाहेरच्या चिथावणीखोरांचा शोध लावणारे अग्रलेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही भाषा नवी वाटणार नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये कृष्णवर्णीय वृत्तपत्र-प्रकाशकांच्या शिष्टमंडळाबरोबर गायक व नट पॉल रॉबसन संघमालकांच्या बैठकीत गेले आणि त्यांनी बंदी उठविण्याची मागणी समोरासमोर केली. त्याच सुमारास हार्लेममधून न्यू यॉर्कच्या नगरपरिषदेवर निवडून आलेले कम्युनिस्ट बेंजामिन डेव्हिस यांनी हा प्रश्न नगरपरिषदेत नेला. १९४५ मध्ये न्यू यॉर्क राज्याने नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला. त्यामुळे न्यू यॉर्कमधील संघ कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. रिकीने करार केला तो त्यानंतर; आणि रॉबिन्सनचे नाव त्याच्यापुढे ठेवणाऱ्यांत प्रमुख होता तो वेंडेल स्मिथ.

तेव्हा कथा काय उरली? रिकीच्या धैर्याचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. त्याला कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या तिकिटांचाही मोह होता, तो कट्टर कम्युनिस्टविरोधी होता आणि या मोहिमेचे श्रेय कम्युनिस्टांना मिळू नये याची त्याने काळजी घेतली. दुसऱ्या बाजूने, हा विजय एकट्या कम्युनिस्टांचा होता असे सांगणारे काही साथी भेटतात, तेही बरोबर नाही. कृष्णवर्णीय पत्रकारांनी पाया घातला नसता तर डेली वर्करचा आवाज न्यू यॉर्कच्या डाव्या वर्तुळाबाहेर फारसा पोचला नसता. शिवाय युद्धकाळात फॅसिझमविरोधी एकजुटीला अग्रक्रम देताना अमेरिकी पक्षाने कृष्णवर्णीयांच्या इतर स्वतंत्र मोहिमांच्या बाबतीत हात आखडता घेतला होता, हेही नोंदले पाहिजे. हा पेच भारतातील जुन्या साथींना अपरिचित नाही. परंतु मुख्य प्रवाहातील कथेतून हे दोन्ही प्रवाह, कृष्णवर्णीय वृत्तपत्रे आणि कामगार चळवळ, दीर्घकाळ वगळले गेले, हे निर्विवाद आहे. संघर्ष गाळला की उरते ते दान. गोरा दाता, कृष्णवर्णीय याचक आणि दोघांकडे कौतुकाने पाहणारे वृत्तपत्र.

खुद्द रॉबिन्सनचे चित्रही असेच छाटले गेले. हा गरीब, सोशिक गृहस्थ १९४४ मध्ये सैन्यात अधिकारी असताना बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्याबद्दल लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला होता आणि निर्दोष सुटला होता. अपमान गिळणे हा त्याचा स्वभाव नव्हता. ती एका कराराची किंमत होती. वृत्तपत्रांनी अटीलाच सद्गुण म्हणून रंगविले.

या चित्राचा राजकीय उपयोग काय, हे दोनच वर्षांनी दिसले. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत पॉल रॉबसन बोलले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांच्या तोंडी असे वाक्य घातले की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय सोव्हिएत संघाविरुद्ध लढतील ही कल्पनाच करवत नाही. भाषणाच्या उपलब्ध टिपणाशी ही बातमी जुळत नाही, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. पण तारेने गेलेली बातमी शेकडो दैनिकांनी जशीच्या तशी उचलली. एका रात्रीत जगद्विख्यात कलावंत देशद्रोही ठरला. येथे वृत्तसंस्थेचे सामर्थ्य ध्यानात येते : एका टेबलावर झालेली एक चूक, वा केलेली एक लबाडी, सकाळी देशभर सत्य म्हणून पोचते, आणि खुलाशाला तेवढी पाने कधीच मिळत नाहीत.

त्यानंतर जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीने जॅकी रॉबिन्सनला रॉबसनविरुद्ध साक्ष देण्यास पाचारण केले. ज्या माणसाने बेसबॉलची दारे उघडावीत म्हणून मालकांपुढे भाषण केले, त्याच्याविरुद्ध, त्या दारातून आत गेलेल्या पहिल्या माणसाची साक्ष! रॉबिन्सनच्या निवेदनात दोन भाग होते. रॉबसन यांच्या कथित विधानाशी तो असहमत होता. त्याचबरोबर देशातील वर्णभेदावर त्याने कडक टीका केली होती, आणि कम्युनिस्ट अन्यायाचा उल्लेख करतात एवढ्याने अन्याय खोटा ठरत नाही, असेही बजावले होते. दुसऱ्या दिवशी बहुतेक मोठ्या दैनिकांनी पहिला भाग मथळ्यात घेतला आणि दुसरा तळाशी ढकलला अथवा वगळला. एका कृष्णवर्णीयाच्या हातून दुसऱ्याला गाडण्याचे काम असे पार पडले. ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी न्यू यॉर्कजवळ पीकस्किल येथे रॉबसन यांच्या कार्यक्रमांच्या वेळी जमावाने श्रोत्यांवर हल्ले केले, शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. पहिल्या हल्ल्यापूर्वी स्थानिक दैनिकाने वातावरण तापविले होते. १९५० मध्ये रॉबसन यांचा पासपोर्ट काढून घेण्यात आला, त्यांचा ठरलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम रद्द झाला. महाविद्यालयीन काळात त्यांनी फुटबॉलमध्ये मिळविलेला राष्ट्रीय बहुमान त्याच वर्षीच्या एका संदर्भग्रंथातून पुसला गेला. १९१८ च्या अकरा जणांच्या संघात दहाच नावे छापली गेली. वगळण्याची कला यापुढे जाऊ शकत नाही.

रॉबिन्सनने १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या साक्षीविषयी खंत व्यक्त केली आणि रॉबसन यांच्याविषयी आपला आदर वाढल्याचे नमूद केले. त्याच वर्षी त्याचे निधन झाले. १५ एप्रिलच्या पुरवण्यांत या खंतीला क्वचितच जागा मिळते.

भारतीय वाचकाला यातील एक गोष्ट अभिमानाने आठवावी. एप्रिल १९५८ मध्ये, रॉबसन यांना देशाबाहेर पडण्यास अजून मनाई असताना, त्यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. त्यासाठीच्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते, आणि पंतप्रधान नेहरूंनी जाहीर निवेदन काढले होते. हा समारंभ होऊ नये म्हणून अमेरिकी अधिकाऱ्यांनी खटपट केली, पण ती सफल झाली नाही. रॉबसन यांना पासपोर्ट परत मिळाला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर.

कृष्णवर्णीय माणूस वगळला जातो, तसाच तो एका विशिष्ट जागी भरपूर छापलाही जातो. ती जागा गुन्ह्याच्या बातमीची. आयडा बी. वेल्स या पत्रकार स्त्रीने १८९२ मध्ये मेम्फिस येथे आपल्या तीन परिचितांची जमावाने हत्या केल्यानंतर अशा हत्यांचा शोध घेतला आणि दाखविले की, बलात्काराचा आरोप हे बहुधा निमित्त असते. मूळ कारण पुष्कळदा धंद्यातील स्पर्धा अथवा मान वर करून चालणे हे असते. मेम्फिसमधील ते तिघे किराणा दुकान चालवीत होते आणि ते गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपत होते. त्यांच्यावर आग ओकणारी दैनिके मोठी व प्रतिष्ठित होती. वेल्सच्या पत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. १९२१ मध्ये टल्सा शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली गेली, त्याच्या आदल्या दुपारी टल्सा ट्रिब्यूनने लिफ्टमधील मुलीवर हल्ला केल्याच्या आरोपाची बातमी चढ्या मथळ्याने छापली होती. त्या तरुणावरील खटला पुढे उभाच राहिला नाही. १९८९ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील बलात्कार प्रकरणात पाच कृष्णवर्णीय व लॅटिन वंशीय मुलांना खटल्यापूर्वीच दैनिकांनी लांडग्यांचा कळप ठरविले, आणि एका धनाढ्य इमारत-व्यावसायिकाने चार दैनिकांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा अशी मागणी केली. २००२ मध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली, खरा गुन्हेगार दुसराच निघाला. तो व्यावसायिक म्हणजे डोनाल्ड ट्रम्प.

१९६७ च्या शहरी उद्रेकांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये बाहेर पडलेल्या अहवालात एक संपूर्ण प्रकरण प्रसारमाध्यमांना दिले. आयोगात क्रांतिकारक कोणी नव्हते. तरीही वृत्तपत्रे गोऱ्यांच्या जगात उभी राहून गोऱ्यांच्या दृष्टीने लिहितात, असा निष्कर्ष त्याला काढावा लागला. बातमीच्या व्यवसायातील नोकऱ्यांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी, आणि संपादक व पर्यवेक्षकांत १ टक्क्याहूनही कमी, असे त्याने नमूद केले. १९७८ मध्ये अमेरिकी संपादकांच्या संघटनेने २००० सालापर्यंत वार्ताहर कक्षात लोकसंख्येइतके प्रमाण आणण्याचा संकल्प सोडला. १९९८ मध्ये मुदत २०२५ पर्यंत पुढे ढकलली. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या पुराच्या पाण्यातून खाद्यपदार्थ घेऊन जाणाऱ्या माणसांची दोन छायाचित्रे दोन वृत्तसंस्थांनी प्रसृत केली : कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली लूट हा शब्द होता, गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली सामान सापडले असे लिहिले होते. दोन्ही संस्थांनी नंतर समर्थने दिली आणि त्यांत तथ्यांशही असेल. परंतु वाचकाच्या डोळ्यांना ती चित्रे शेजारी शेजारी आल्यावरच शब्दांची निवड दिसली, एरवी दोन्ही ओळी बिनदिक्कत खपल्या असत्या.

येथे एक मतभेदाचा मुद्दा येतो. चेहरे बदलले म्हणजे चित्र बदलेल, असे उदारमतवाद्यांचे म्हणणे असते. कृष्णवर्णीय निवेदक पडद्यावर आले, कृष्णवर्णीय संपादक नेमले गेले, आणि तरी मालकी, जाहिरातदार व पोलीस ठाण्यातून येणारी आयती बातमी ही तिन्ही सूत्रे बव्हंशी जागच्या जागी राहिली, हे खरे. म्हणून केवळ प्रतिनिधित्वाच्या मागणीला क्रांतिकारक मानण्याचे कारण नाही. तथापि या युक्तिवादाचा आधार घेऊन काही डावे साथी प्रतिनिधित्वाची मागणीच झटकून टाकतात, ते अधिक घातक आहे. मालकी बदलेपर्यंत वार्ताहर कोण आहे याने फरक पडत नाही, असे म्हणणाऱ्याने वेंडेल स्मिथची १९३९ ची मुलाखतमाला पुन्हा वाचावी. पत्रकार कक्षातील शेकडो गोऱ्या वार्ताहरांना तो प्रश्न विचारावासाच वाटला नव्हता.

भारताशी या विषयाचा धागा अगदी प्रत्यक्ष आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. आणि १९९६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टचे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर, जे स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकी होते, त्यांनी बी. एन. उनियाल या भारतीय पत्रकाराकडे एखाद्या दलित पत्रकाराची गाठ घालून देण्याची विनंती केली. उनियाल यांना तीस वर्षांच्या व्यवसायात असा एकही भेटल्याचे आठवेना. त्यांनी सरकारमान्य वार्ताहरांची यादी चाळली : ६८६ नावांपैकी ४५४ उघडपणे उच्चवर्णीय आडनावांची, आणि उरलेल्यांत चौकशी करूनही दलित कोणी सापडला नाही. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांच्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली, त्यांतही दलित अथवा आदिवासी एकही नव्हता.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत ते अनैतिक संबंधांतून घडलेले प्रकरण म्हणून आले. जमिनीचा वाद, पोलिसांपुढे दिलेली साक्ष, जात, हे सारे मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पोचण्यास अनेक आठवडे लागले, आणि तेही दलित कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांमुळे व रस्त्यावरील निदर्शनांमुळे. मेम्फिसची १८९२ मधील दैनिके आणि ही दैनिके यांत अंतर बरेच आहे. आयडा वेल्सने जी युक्ती उघडी पाडली होती ती मात्र तीच.

पुढील सत्रात पक्षपत्रांकडे शाखांमधून येणाऱ्या वार्तापत्रांचा आढावा घ्यावयाचा आहे. त्या वेळी प्रत्येक जिल्ह्याने गेल्या वर्षभरातील वार्तापत्रे बरोबर आणावीत आणि दोन गोष्टी मोजून ठेवाव्यात : अत्याचाराच्या किती बातम्या पोलिसांच्या टिपणावरून लिहिल्या गेल्या व किती वस्तीत जाऊन, आणि शेतमजूर, सफाई कामगार व आदिवासी यांच्याविषयी छापलेल्या मजकुरापैकी किती मजकूर त्यांच्यापैकी कोणी स्वतः लिहिला आहे.